४१ पैकी ४१ पास

निवृत्त होऊन जळगावला परत आलो तेव्हा ठरवलं होतं, आता अलार्म वाजला तर तो दूधवाल्याच्या वेळेचाच. २६ वर्षं एका अणुवीज केंद्रात गेली, त्यातली बरीचशी कंट्रोल रूममध्ये. पण पहिलं वर्ष सरायच्या आत जुन्या ओळखीतल्या एका साहेबांचा फोन आला. ते खानदेशातल्याच एका औष्णिक वीज केंद्रात प्रशिक्षण विभाग सांभाळत होते. (केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते कुठेही सापडेल.) म्हणाले, "नाना, आमचं रिफ्रेशर ट्रेनिंग एकदा बाहेरच्या माणसाच्या नजरेखालून जाऊ द्यायचंय. तुम्हाला सवय आहे."

सवय होती, हे खरं. अणुवीज केंद्रात पॅनलवर बसायचं तर परवाना लागतो आणि आपल्याकडे तो ३ वर्षांपुरता असतो. मुदत संपत आली की पुन्हा अभ्यास, पुन्हा परीक्षा. औष्णिक केंद्रात डेस्कवर बसणाऱ्याच्या डोक्यावर अशी ३ वर्षांची टांगती तलवार नसते. वर्षातून काही दिवसांचा वर्ग, एक पेपर, सिम्युलेटरवर (म्हणजे केंद्राच्या संगणकावरच्या नकलेवर) एक फेरी, संपलं. त्यामुळे आधी मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे. सहा दिवस लागले.

आमच्याकडे ही तपासणी व्हायची तेव्हा मी बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला असायचो, म्हणजे ज्याची तपासणी होते तो. दुसऱ्या नूतनीकरणाच्या वेळी तर मी चक्क नापास झालो होतो. लेखी उत्तम गेली. वॉक-थ्रूमध्ये, म्हणजे केंद्रात फिरून द्यायच्या परीक्षेत, परीक्षक म्हणाले, "हा व्हॉल्व्ह बंद करायचाय, चला दाखवा." मी आत्मविश्वासाने निघालो आणि त्यांना चुकीच्या मजल्यावर घेऊन गेलो. ड्रॉइंगवर तो व्हॉल्व्ह मला झोपेत दाखवता आला असता. तीन आठवडे पॅनलवरून खाली उतरवलं. घरी आईला सांगितलं, "ट्रेनिंग चालू आहे." खोटं नव्हतं.

असो. पहिल्या दिवशी साहेबांनी फाइल समोर ठेवली. गेल्या वर्षीचा निकाल: ४१ बसले, ४१ पास. त्याच्या आदल्या वर्षी, तेव्हा डेस्कवर असलेले ३९ पैकी ३९. "आमचा रेकॉर्ड," साहेब म्हणाले. मी चहा घेतला आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मागवले. चेहरा जरा उतरला त्यांचा, पण दिले.

उत्तरपत्रिका वाचणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात बोलकं काम. एक प्रश्न होता, युनिट ट्रिप झाल्यावर (म्हणजे अचानक बंद पडल्यावर) पुन्हा लाइट-अप करण्याआधी, म्हणजे भट्टी पेटवण्याआधी, फर्नेस पर्ज का आणि किती वेळ करायचा. ट्रिपनंतर भट्टीत न जळलेलं इंधन, वायू राहिलेला असतो. पंखे चालवून तो बाहेर काढल्याशिवाय ठिणगी दिली तर भट्टीचाच फटाका होतो. वेळ किमान ५ मिनिटं. हे पोरं शिकाऊ असतानाच पाठ करतात. नऊ उत्तरपत्रिकांत लिहिलं होतं, १५ मिनिटं. नऊच्या नऊ ठिकाणी तेच वाक्य, तोच क्रम आणि पुढे लाल पेनाने बरोबरची खूण.

आता १५ मिनिटं पर्ज केल्याने स्फोट होत नाही, उलट जास्तच हवा खेळते. चूक निरुपद्रवी होती. पण कुणाच्या तरी वहीत एक आकडा जादा पडला, तो नऊ जणांनी उतरवला आणि तपासणाऱ्यानेही न वाचता खूण केली. गेल्या चार वर्षांचे पेपर शेजारी शेजारी मांडले तर वीसपैकी चौदा प्रश्न तेच. क्रम बदललेला. मास्तरांनी गावजेवणाला तोच स्वयंपाक वेगळ्या पंक्तीत वाढावा तसं.

अमेरिकेत परवानाधारक ऑपरेटरच्या फेरप्रशिक्षणाचं चक्र २ वर्षांचं असतं: दर २ वर्षांनी सर्वंकष लेखी परीक्षा, दरवर्षी सिम्युलेटरवरची आणि प्रत्यक्ष कामाची परीक्षा. तिथे नियामक संस्थेचा निरीक्षक येतो तो केवळ ऑपरेटरला प्रश्न विचारायला नाही. तो परीक्षाच तपासतो. प्रश्न जुनेच आहेत का, पेपर फुटायला वाव आहे का, कच्च्या माणसाला पुन्हा शिकवून मगच पॅनलवर पाठवलं का, आणि केंद्रात घडलेल्या घटना वर्गात पोचतात का. नोकरीत असताना हे सगळं मी कागद म्हणून वाचलं होतं. गठ्ठ्यासमोर बसल्यावर त्यातला शेवटचा मुद्दा डोक्यात अडकून बसला.

दुसरा दिवस सिम्युलेटरचा. पाच-सहा संगणक, खऱ्या कंट्रोल रूमसारखे पडदे. प्रशिक्षकाने बीएफपी ट्रिप टाकला, म्हणजे बॉयलरला पाणी देणारा पंप बंद पाडला. अलार्म वाजायच्या आधीच डेस्कवरच्या दादाचा हात राखीव पंपाकडे निघालेला होता! आधी मला वाटलं माझी नजर चुकली. दुसऱ्या तुकडीतही तेच. मग कॅन्टीनमध्ये चहावाल्या पोराशी बोललो. तो म्हणाला, "काका, यावेळी पंपच आहे म्हणे." चहावाल्यालासुद्धा माहीत होतं.

कुणाला दोष द्यायचा नव्हता. प्रशिक्षक एकटा, तुकड्या पाच, आणि प्रत्येकाला वरून एकच प्रश्न: झालं का ट्रेनिंग? नवं नाटक लिहायला वेळ कुणाला?

तिसऱ्या दिवशी वर्ग सोडला आणि शिफ्ट लॉगबुकं मागितली. उन्हाळ्यातली आधी. वैशाखात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, ग्रीडवर कूलरांचा भार, युनिट पूर्ण लोडवर, माणसं थकलेली. घोटाळे व्हायचे तर तेव्हाच. आणि एका रात्रपाळीच्या पानावर एक ओळ सापडली: "ड्रम लेव्हल ट्रान्समीटर 'बी' चुकीचे रीडिंग. सी अँड आय ला कळवले. नॉर्मल." (ड्रम म्हणजे बॉयलरची पाण्या-वाफेची टाकी, ट्रान्समीटर म्हणजे तिची पातळी मोजून कळवणारं यंत्र, आणि सी अँड आय म्हणजे अशी यंत्रं सांभाळणारा विभाग.)

ही ओळ लिहिणारे आप्पा अजून नोकरीत होते, शिफ्ट इनचार्ज. त्यांना गाठलं. त्यांनी सांगितलं ते असं. तीनपैकी एक ट्रान्समीटर आधीच दुरुस्तीला काढलेला. उरलेल्या दोनपैकी एकाची रेफरन्स लेग, म्हणजे तुलनेसाठी कायम पाण्याने भरलेली नळी, गळायला लागली. तिथलं पाणी कमी झालं की दाबातला फरक घटतो आणि यंत्र समजतं ड्रम भरत चाललाय. पडद्यावर पातळी वर, म्हणून यंत्रणेने पाणी कमी केलं. खरी पातळी मात्र खाली चालली होती. "मग तुम्हाला कसं कळलं?" "स्टीम जातेय जास्त, पाणी येतंय कमी, आणि लेव्हल म्हणते मी वाढतेय. असं कुठे असतं का हो नाना? घरात चार खाणारे, दोन भाकरी केल्या आणि टोपलीत सहा उरल्या?"

युनिट ट्रिप झालं नाही. म्हणून अहवाल नाही, अहवाल नाही म्हणून बैठक नाही, बैठक नाही म्हणून वर्गात धडा नाही. एक ओळ, तीही पूर्णविरामासकट 'नॉर्मल'.

माझ्या पोटात गोळा आला, कारण ही गोष्ट मी आधी वाचलेली होती. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडला पहाटे ४ वाजता एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला. पॅनलवरच्या दिव्याने सांगितलं की तो बंद झाला. खरं तर दिवा फक्त बंद होण्याचा हुकूम गेला एवढंच सांगत होता. वरून वाफ निसटत होती आणि प्रेशरायझरमधली (अणुभट्टीतल्या पाण्याचा दाब राखणाऱ्या टाकीतली) पाण्याची पातळी मात्र चढलेली दिसत होती. ऑपरेटरना शिकवलेलं होतं की प्रेशरायझर कधीही काठोकाठ भरू द्यायचा नाही. त्यांनी आपत्कालीन पाणी कमी केलं. अणुभट्टीच्या गाभ्याचा साधारण अर्धा भाग वितळला. त्या माणसांनी शिकवलेलंच केलं होतं, आणि मला आजही या प्रकरणातली हीच बाब सगळ्यात जास्त छळते.

त्याहून वाईट म्हणजे सप्टेंबर १९७७ मध्ये, दीड वर्ष आधी, डेव्हिस-बेसी या दुसऱ्या केंद्रात असाच व्हॉल्व्ह अडकला होता. तिथल्या लोकांनी वीसेक मिनिटांत ओळखलं, मोठं काही झालं नाही. आणि तो धडा थ्री माइल आयलंडच्या कंट्रोल रूमपर्यंत पोचला नाही.

चौथ्या दिवशी प्रशिक्षकाला म्हटलं, पंप राहू द्या. एक ट्रान्समीटर काढून ठेवा आणि दुसरा हळूहळू वर सरकवा. ते म्हणाले, "सर, असं कधी टाकलं नाही, पण टाकता येतं." तुकडी आली. डेस्कवर अठरा वर्षं काढलेले भाऊसाहेब, शेजारी शहाद्याकडची एक नवी इंजिनियर, आणि ड्रमवर पाठवायला स्थानिक ऑपरेटर म्हणून तिसरा, फैजपूरचा.

पातळी चढू लागली. भाऊसाहेबांनी पाणी ऑटोवरून हातात घेतलं आणि कमी केलं. अजून चढली, अजून कमी केलं. दोन ट्रान्समीटरमधला फरक वाढल्याचा अलार्म वाजला, तो त्यांनी सवयीने गप्प केला. ती पोरगी म्हणाली, "सर, स्टीम फ्लो जास्त आहे, फीड कमी आहे, मग लेव्हल कशी वाढेल?" ते म्हणाले, "थांब गं जरा." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, या खेपेला घाबरून अहिराणीत, "सर, पानी खाले जाई ऱ्हायनं!" फैजपूरकर फोनवर त्याच्या लेवा बोलीत काहीतरी ओरडला. भाऊसाहेब मराठीत "काय? काय?" करत राहिले. आणि युनिट गेलं.

खोलीत नुसता एसीचा आवाज.

इथे एक सांगायला हवं. अणुवीज केंद्रात आम्हाला हुकूम परत म्हणून दाखवायची सवय लावलेली असते. एक सांगतो, दुसरा तेच शब्द उच्चारतो, पहिला 'बरोबर' म्हणतो. बाहेरच्यांना हा पोरखेळ वाटतो. पण घाबरलेला माणूस आईच्या भाषेत बोलतो, आणि खानदेशात दर वीस कोसांवर आईची भाषा वेगळी. अहिराणी बोलू नका असं मी अहवालात लिहिलं नाही, लिहिलं असतं तर मला घरात जेवायला मिळालं नसतं. लिहिलं एवढंच की कुठल्याही बोलीत बोला, पण ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवावं.

पाचवा दिवस अहवाल लिहिण्यात गेला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सहाव्या दिवशीची समारोपाची बैठक कठीण गेली. भाऊसाहेब थेट म्हणाले, "नाना, तुम्ही घरी बसून नापास करायचे धंदे काढले. अठरा वर्षांत माझ्या हातून युनिटला धक्का लागला नाही." खरं होतं ते, आणि मला त्यावर चांगलं उत्तर सुचलं नाही. मग चुकीच्या मजल्यावर नेल्याची माझी गोष्ट सांगितली. लोक हसले, ते हसले नाहीत. मुख्य साहेबांनी विचारलं, "सारांश काय? ट्रेनिंग चांगलं की वाईट?" मी म्हटलं, ते सांगता येत नाही, हीच तर अडचण आहे. जी परीक्षा कुणालाच अडवत नाही, तिच्यावरून कोण तयार आहे ते कळणार कसं? ४१ हा आकडा मी अहवालात पहिल्या ओळीत टाकला. चार गोष्टी मागितल्या: दर वर्षी निम्मे तरी प्रश्न नवे, सिम्युलेटरचा प्रसंग त्या दिवशी सकाळी ठरवायचा, नापास होणाऱ्याला पगार किंवा बढतीला हात न लावता पुन्हा शिकवून पुन्हा तपासायचं, आणि लॉगबुकातली प्रत्येक 'नॉर्मल' झालेली घटना महिन्यातून एकदा वर्गात वाचायची. तिसऱ्या गोष्टीवर सगळ्यात जास्त वाद झाला. शिक्षा नसेल तर अभ्यास कोण करेल, असं अर्ध्या टेबलाचं म्हणणं. मला अजूनही वाटतं की शिक्षा असेल तर प्रशिक्षक कुणाला नापासच करणार नाही. पण वाद मिटला नाही, एवढं खरं.

पौष होता. संध्याकाळी एका कर्मचाऱ्याच्या शेतात भरिताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली, सोबत कळण्याची भाकरी. भाऊसाहेब लांब बसले होते. जेवण संपत आल्यावर भाकरीचा तुकडा हातात घेऊन उठून आले आणि म्हणाले, "दोन वेळा सांगितलं होतं तिने, नाही का?" मी म्हटलं, "दोन वेळा."

पुढच्या वर्षी साहेबांनी पुन्हा बोलावलं. निकालाचा कागद नवा होता: ४० बसले, ३६ पास. साहेब जरा संकोचाने दाखवत होते, मी मात्र तो दोनदा वाचला. चौघांचा वर्ग चालू होता, दार अर्धं उघडं. आत मागच्या बाकावर भाऊसाहेब चष्मा लावून वही काढत होते. फळ्यावर ड्रमची आकृती, रेफरन्स लेग लाल खडूने रंगवलेली, आणि शिकवत होती शहाद्याची ती पोरगी. मला पाहून भाऊसाहेब हळूच म्हणाले, "नाना, लेक बारावीला आहे माझी. रोज विचारते, पप्पा, किती मार्क पडले?"