जिनिव्हाची लेमान एक्सप्रेस: दोन देशांत धावणारी लोकल आणि जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

जिनिव्हाला कोणाकडे जाणार असाल किंवा नुसतं फिरायला, तर एक दिवस लेमान एक्सप्रेससाठी ठेवाच. नावावर जाऊ नका, ही तिथली लोकलच आहे, फक्त जाळं थोडं स्वित्झर्लंडमधे आणि बरंचसं फ्रान्समधे पसरलंय. सहा लाईनी (एल१ ते एल६), ४५ स्टेशनं, २३० किमी. जिनिव्हात कामाला रोज फ्रान्समधून येणारी माणसं लाखाच्या वर आहेत, घर तिकडे परवडतं आणि पगार इकडे जास्त मिळतो, त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केलाय.

मेन स्टेशन कॉर्नाव्हां ते फ्रान्समधलं आनमास हा साधारण १६ किमीचा पट्टा या सगळ्याचा कणा. तो बांधायचं १९१२ सालीच करारात ठरलं होतं आणि गाडी धावली १५ डिसेंबर २०१९ ला! तोवर ओ-व्हीव्ह स्टेशन १८८८ पासून शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटं पडलेलं, तिथून गाडी फक्त फ्रान्सकडे जायची, बाकी स्विस रेल्वेशी त्याचा संबंधच नाही. आता वीस-बावीस मिनिटांत आनमास येतं.

आम्ही आतेबहिणीकडे उतरलो होतो, सकाळीच निघालो. त्या वेळी खरी गर्दी आनमासहून जिनिव्हाकडे असते, आपण उलट्या दिशेने जात असतो म्हणून आरामात खिडकी मिळते, ठाणे-डोंबिवलीवाल्यांना हे गणित सांगायला नको. जाताना ओ-व्हीव्हला मुद्दाम उतरा. स्टेशन जमिनीखाली आहे पण भिंती जाड काचेच्या मोठमोठ्या पॅनलच्या, ज्याँ नुव्हेल या आर्किटेक्टचं काम, सरकत्या जिन्यावरून खाली उतरताना वरचा उजेड त्या काचांमधून सोबत येत राहतो आणि आपण भुयारात आहोत असं वाटतच नाही. मी तिथे दोन गाड्या सोडल्या, नुसती बघत बसले. पुढची गाडी पंधरा मिनिटांत येतेच. वर व्होआ व्हेर्त नावाचा चालायचा-सायकलचा रस्ता आहे, खाली रेल्वे आणि वर झाडं, पाय चांगले असतील तर आनमासपर्यंत त्यावरूनही जाता येतं.

आता कामाचं. गाडीत सीमा कधी गेली ते कळत नाही, पण तिकिटाला बरोबर कळते! जिनिव्हात हॉटेलात राहिलात तर ट्रान्सपोर्ट कार्ड फुकट मिळतं, ते चालतं फक्त जिनिव्हाच्या झोन १० मधे, म्हणजे या लाईनवर शेन-बूर्गपर्यंत. आनमासला जायचं तर दोन्हीकडचं मिळून लेमान पासचं तिकीट काढा, मशीनवर किंवा स्विस रेल्वेच्या अ‍ॅपवर मिळतं. स्टेशनात गेट नाहीत, तपासनीस गाडीत येतात, त्यामुळे तिकीट चढायच्या आधीच घ्या. आणि स्वस्त पडतं म्हणून आनमासला हॉटेल घेणाऱ्यांनी हे धरून चाला की तिथे ते फुकट कार्ड मिळत नाही, रोजचं येणं-जाणं हिशोबात घ्या. एअरपोर्टला लेमान एक्सप्रेस जात नाही, कॉर्नाव्हांला गाडी बदलावी लागते.

व्हिसा शेंगेन एकच, पण पासपोर्ट जवळ असू द्या, कधीमधी तपासणी होते. फ्रँक आणि युरो दोन्ही थोडे ठेवा. फोनचं नीट बघा, युरोपचे काही पॅक स्वित्झर्लंडमधे चालत नाहीत, सीमेपलीकडे डेटा चालू आणि जिनिव्हात बंद असं होऊ शकतं. फ्रान्समधून सामान आणणार असाल तर २०२५ पासून स्विस कस्टमची मर्यादा माणशी १५० फ्रँक झालीय, आधी ३०० होती.

आनमासच्या पुढे मात्र बेत नीट करा. तिथपर्यंत मेट्रोसारखी सेवा, पुढे गाड्या एकदम कमी होतात, कधी तासाला एक तर कधी त्याहून कमी, म्हणून परतीची वेळ आधीच बघून ठेवा. फ्रान्समधे रेल्वेचा संप असेल तर आदल्या दिवशी अ‍ॅप तपासा, स्विस बाजू चालू असली तरी पुढचा भाग बंद असू शकतो.

एकच जागा करायची तर माझं मत एव्हियां या लेमान (म्हणजे जिनिव्हाच्याच) तळ्याकाठच्या फ्रेंच गावाला, एल१ ने. स्टेशनपासून उतारावरून चालत तळं गाठता येतं, जाताना काशा झऱ्याच्या नळाला रिकामी बाटली भरून घ्या, दुकानात महाग मिळणारं तेच पाणी इथे फुकट, रांगेत गावातले लोक कॅन घेऊन उभे असतात. परत त्याच गाडीने यायची गरज नाही, एव्हियांहून बोटीने ३५ मिनिटांत समोरच्या स्विस काठावरच्या लोझानला जा आणि तिथून स्विस ट्रेनने जिनिव्हा, तळ्याच्या पश्चिम भागाला चक्कर होते. बोटीचं तिकीट वेगळं लागतं, आणि हिवाळ्यात फेऱ्या बघूनच निघा.

आनसी एल२ वर आहे, गाव देखणं, पण गाडी फार रमतगमत जाते, लहान मुलं बरोबर असतील तर थेट बस बरी. एल३ चं टोक सां-जर्वे ल फाये, तिथून शामोनी या आल्प्समधल्या गावाची मीटरगेज गाडी आणि माँ ब्लां ट्रामवे ही डोंगरावर चढणारी गाडी दोन्ही मिळतात, पण शामोनी त्याच दिवशी करून परत यायचं असेल तर जिनिव्हाहून पहाटेची गाडी पकडा, नाहीतर तिकडे एक मुक्काम करा.