खालचे अक्षर

नवा फोन घ्यायला गेल्या महिन्यात इथल्या दुकानात गेलो, तेव्हा फ्रिजवर वर्षानुवर्षे पाहत आलेली हिरव्यापासून लालपर्यंत उतरणारी बाणांची पाटी फोनच्या शेजारी उभी दिसली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोन आणि टॅबलेटना हे ऊर्जा लेबल सक्तीचे झाले आहे. वर ‘ए’ ते ‘जी’ अशी मोठी अक्षरे आणि त्यांखाली बारीक चिन्हांची दाटी असे त्याचे रूप.

नजर अर्थातच मोठ्या अक्षरावर जाते. बॅटरीत साठलेल्या विजेच्या मानाने फोन किती तास चालतो, हे ते अक्षर सांगते. परंतु फोन वर्षभरात वीज पितो ती किती? फ्रिजच्या मानाने चिमणीच्या घोटाएवढी. त्याचा खरा भार पडतो तो तयार होताना, खनिजे काढण्यात आणि चिप घडवण्यात, म्हणून तो आणखी दोन वर्षे टिकला तर चार्जिंगमध्ये होणाऱ्या बचतीपेक्षा कितीतरी अधिक साधते. त्यामुळे माझ्या मते या पाटीवरचे महत्त्वाचे अक्षर सर्वांत मोठे नाही. ते खालच्या भागात, दुरुस्तीच्या चिन्हापाशी आहे.

हे शहाणपण मला माझ्या जुन्या फोनने शिकवले. त्याची बॅटरी दुपारीच मान टाकू लागली, तेव्हा मी तो कारागिराकडे नेला. त्याने फोनच्या पाठीला गरम हवा दिली, प्लास्टिकची पातळ पट्टी काचेच्या कडेत सरकवली आणि हळूहळू फिरवू लागला. आतला डिंक चिकाच्या तारांसारखा ताणला जात होता. तिसऱ्या कोपऱ्यावर ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि काचेवर एक तडा आडवा धावत गेला. बॅटरी नवी बसली, पण पाठीची काच कुठेच मिळेना.

दुरुस्तीचे अक्षर ठरवताना नेमक्या याच गोष्टी मोजल्या जातात: भाग सोडवायला किती पायऱ्या लागतात (याला सर्वाधिक वजन), स्क्रू पुन्हा वापरता येतात का, साधी हत्यारे पुरतात का, सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि सॉफ्टवेअर किती काळ मिळणार. ‘ए’ ते ‘ई’ अशा त्याच्या पाच श्रेणी आहेत. वारंवार पडून फोन कितपत तग धरतो याचेही वेगळे अक्षर शेजारीच असते, आणि बॅटरीची क्षमता ऐंशी टक्क्यांवर येईपर्यंत ती किती वेळा भरता येईल याचा आकडाही. लेबलासोबतच लागू झालेल्या नियमांनुसार मॉडेलची विक्री थांबल्यावरही महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे मिळाले पाहिजेत. हे वाचताना माझी ती काच आठवून थोडा हेवाच वाटला.

दुकानात दोन फोनांवर मन अडकले. एकाला वर ‘ए’ आणि दुरुस्तीला ‘डी’; दुसऱ्याला दोन्हीकडे ‘बी’. विक्रेता उत्साहाने पहिल्याच्या कॅमेऱ्याविषयी सांगत होता. त्याचे बोलणे संपल्यावर मी विचारले, “याची पाठ कशी उघडते?” त्याने फोन उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला, एकही स्क्रू सापडला नाही तसा तो किंचित हसला, आणि काही न बोलता दुसरा फोन उचलून माझ्या हातात दिला.