तुम्ही विचारलेत म्हणून : दगडावरच्या नावाविषयी

अमेरिकेत सासरच्या खासगी दफनभूमीत ओकच्या झाडाखाली जो ग्रॅनाइटचा दगड उभा आहे, त्यावर घराण्याच्या मूळ पुरुषाचे नाव स्पष्ट कोरलेले असताना मी मात्र ‘तो आपला पूर्वज होता असे मला म्हणता येत नाही’ असे का सांगते, हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कुटुंबाच्या मेळाव्यात कोणी ना कोणी विचारते. पुण्याला आले की माहेरची माणसे निराळाच प्रश्न विचारतात : अडीचशे वर्षांपूर्वीच्या परक्या लोकांच्या मृत्युपत्रांत तू आपली वर्षे का घालवतेस? दोन्हीकडे मी आजवर तुटक उत्तरे दिली, आणि त्यांतून गैरसमजच वाढले. म्हणून आता एकदा नीट लिहिते.

परके हा शब्द मला मान्य नाही. ज्या घरात मी चौतीस वर्षे नांदले, जिथे माझी मुले वाढली, त्या घराची वंशावळ माझी कशी नाही? शिवाय हे काम माझ्या हाती योगायोगाने आलेले नाही. माझे वडील तलाठी होते. खरेदीखताची चतुःसीमा वाचताना ते बोटाने हवेत शेत काढून दाखवीत, आणि ‘नाव फसवते, बांध फसवत नाही’ असे म्हणत. व्हर्जिनियातील अठराव्या शतकातले खरेदीखत मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते परके वाटले नाही. ‘पांढऱ्या ओकपासून उत्तर चाळीस अंश पूर्वेस एकशेवीस पोल, अमक्याच्या हद्दीवरील हिकरीच्या झाडापर्यंत’ हे वाक्य मला माहेरचे वाटले. एक पोल साडेसोळा फुटांचा, एवढे कळले की कागदावर शेत उभे राहते.

जन्मनोंदी नाहीत, तेव्हा बाप कोण आणि मुलगा कोण हे जमिनीनेच सांगायचे असते. कोणती जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, विकताना कोणत्या बायकोने आपला हक्क सोडला, हे पाहायचे. नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशावर विधवेचा हयातभर हक्क असे. म्हणून नवऱ्याने जमीन विकली की न्यायालय बायकोला बाजूला घेऊन, कोणाच्या दडपणाखाली नाही ना, असे विचारीत असे. त्या एका ओळीमुळे अनेक बायकांची नावे टिकली. एरवी ती कुठेच उरली नसती.

आमचे घराणे व्हर्जिनियाच्या गूचलंड काउंटीतले; काउंटी म्हणजे तिथला जिल्हा. ही काउंटी १७२८ साली हेन्रायकोतून वेगळी झाली आणि सुदैवाने तिचे दप्तर टिकले. शेजारच्या हॅनोव्हरचे बहुतेक जुने दप्तर यादवी युद्धात सुरक्षित राहावे म्हणून रिचमंडला नेले, आणि एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने शहर सोडताना लागलेल्या आगीत ते जळाले. माझ्या मते आमची माणसे हॅनोव्हरकडूनच आली. म्हणजे एका पिढीच्या वर राख आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. सासऱ्यांना मात्र त्या राखेच्या पलीकडचे एक तरी नाव हवे होते.

ते नाव मी त्यांना दिले. एका माणसाचे मृत्युपत्र मला मिळाले. ते नोव्हेंबर १७४७ मध्ये लिहिलेले होते आणि फेब्रुवारी १७४७ मध्ये न्यायालयात सिद्ध झालेले होते. यात विसंगती नाही. १७५२ पर्यंत तेथे वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७४८चा. त्या माणसाने बर्ड क्रीक या ओढ्याच्या काठची दोनशे एकर जमीन एका मुलाला दिली होती, आणि मुलाचे नाव आमच्या पूर्वजाचेच होते. आमच्या पूर्वजाने १७६७ मध्ये बर्ड क्रीकच्याच काठची दोनशे एकर जमीन विकली. नाव तेच, ओढा तोच, क्षेत्र तेच. मृत्युपत्रावरचा एक साक्षीदार विक्रीच्या खतावरही होता. न्यायालयाच्या वहीत एक ‘सीनियर’ आणि एक ‘ज्युनियर’ असे दोघे होते, त्यांना मी बाप-लेक ठरवले. एका गावात एकाच नावाचे दोघे असले तर वयाने मोठ्याला सीनियर म्हणत, नाते असो वा नसो, हे मी इतरांना अनेकदा समजावून सांगितले होते. स्वतःच्या घराच्या वेळी ते मला आठवले नाही.

सासऱ्यांनी ते मृत्युपत्र मोठ्याने वाचले. थोरल्या मुलाला एकच शिलिंग दिलेले पाहून त्यांना वाईट वाटले. मी सांगितले की थोरल्याला त्याचा वाटा बहुधा आधीच बक्षीसपत्राने मिळाला असेल. शिलिंग म्हणजे शाप नव्हे. ते समाधानाने हसले. पुढच्या वसंतात त्यांनी दगड बसवला.

दोन वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. रात्रीची पाळी माझी असे. जागे राहायचे म्हणून मी जुने खत काढले आणि पहिल्यांदाच १७६७च्या विक्रीचे मूळ पान संगणकावर अक्षर अक्षर वाचले. तोवर मी छापील गोषवाऱ्यावर विसंबले होते, आणि गोषवाऱ्यात हद्दींचे वर्णन गाळलेले होते. त्या पूर्ण पानात लिहिले होते की ही जमीन विकणाऱ्याने १७५५ मध्ये एका शेजाऱ्याकडून विकत घेतली होती. म्हणजे ती वारशाने आलेली नव्हती. मी चौकटीच्या कागदावर तिच्या हद्दी काढल्या, आणि मृत्युपत्र करणाऱ्याच्या चारशे एकरांच्या मूळ पट्ट्याशेजारी ठेवल्या. होकायंत्राचे उत्तर पिढीगणिक सरकते, म्हणून कागद थोडा फिरवून पाहिला, मग आणखी थोडा. तो बसला नाही. ती जमीन ओढ्याच्या दुसऱ्या अंगाला होती.

मग मुलाला मिळालेली दोनशे एकर कुठे गेली? आडनावाच्या वेगळ्या वर्णलेखनाखाली शोधल्यावर पहाटे तीनच्या सुमारास ते खत सापडले. १७५९ मध्ये ‘नॉर्थ कॅरोलायनातील ग्रॅनव्हिल काउंटीचा रहिवासी’ असलेल्या मुलाने ‘वडिलांनी मृत्युपत्राने दिलेली’ जमीन विकली होती. हक्क सोडणाऱ्या बायकोचे नावही वेगळे होते. बायको वेगळी असणे हा पुरावा पुरेसा नाही, पहिली वारलेली असू शकते, म्हणून मी गूचलंड न्यायालयाची आदेशवही उघडली. त्याच महिन्यात आमचा माणूस तेथे ज्यूरीत बसला होता. माणसे दोन होती. मी त्यांना एक केले होते.

सकाळी सासऱ्यांनी विचारले, “रात्री दिवा होता. काही सापडले का?”

मी म्हणाले, “अजून जुळवते आहे.”

आठवड्याने ते गेले. दफनाच्या वेळी पाद्रींनी दगडावरचे नाव वाचले आणि त्या वंशाचा हा सुपुत्र असे म्हटले. मी खाली मान घालून उभी होते. तुम्हांतील काहींना ते दुःखाचे लक्षण वाटले, आणि ते दुःखाचे होतेही. पण त्यात दुसरे काय होते ते मी कोणाला सांगितले नाही.

पुढे चार महिन्यांनी मी नवऱ्याला आणि नणंदेला सांगितले. नवरा गप्प राहिला. नणंद म्हणाली, “तू आधी आम्हांला आजोबा दिलास आणि आता काढून घेतेस.” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या वेळी मी फार कागद दाखवले, इतके दाखवायला नको होते. मी निर्दोष आहे हे पटवण्याचा तो प्रयत्न होता, आणि मी निर्दोष नव्हते. दगड बसवण्यापूर्वी एक पूर्ण खत वाचणे माझे काम होते. पुरावा तिहेरी होता, कोणीही फसले असते, असे मी कधी कधी स्वतःला सांगते. मग वडिलांचे बोट आठवते. त्यांनी आधी बांध काढला असता.

सासऱ्यांना सांगायला हवे होते का? त्या वर्षी मला वाटले, मरणाऱ्या माणसाची उशी काढून घेऊ नये. पुढे वाटू लागले की त्यांनी मला विश्वासाने विचारले आणि मी त्यांना मूल समजून उत्तर दिले. ते शेतकरी होते; हद्द चुकणे म्हणजे काय हे त्यांना माझ्याहून अधिक कळत होते. कदाचित त्यांनीच कागद मागितला असता आणि पुन्हा फिरवून पाहिला असता. हा वाद माझ्या मनात अजून मिटलेला नाही.

दगड मी हलवू देत नाही आणि त्याला खरा म्हणतही नाही. याला कारण आहे. त्याच मृत्युपत्रात शेवटून तिसरी ओळ अशी : ‘माझा कझिन’, आणि पुढे तेच नाव, ‘यास माझे जुने खोगीर’. त्या काळी पुतण्यालाही कझिन म्हणत, जसे सावत्र मुलाला सन-इन-लॉ म्हणत. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनशे एकरांच्या आनंदात तिच्यावरून पुढे गेले. खोगीर मिळालेला तो आमचा माणूस असेल, तर दगडावरचा पुरुष आमचा चुलता आहे, आणि आमचा खरा बाप हॅनोव्हरच्या राखेत आहे. नसेल, तर काहीच नाही. यापुढे मला जाता आलेले नाही.

ज्यांना वाटते की आता हे कागद मिटवावेत, त्यांना आणखी एक गोष्ट सांगते. मृत्युपत्र करणाऱ्या त्या माणसाच्या मालमत्तेच्या यादीत घोडे आणि लोखंडी भांडी यांच्या मध्ये नऊ गुलाम माणसांची नावे आणि किमती आहेत. १७०५च्या कायद्याने व्हर्जिनियात गुलाम स्थावर मालमत्ता ठरले होते. मृत्युपत्रात त्यांतील एक बाई ‘आणि तिची पुढील संतती’ मुलीच्या नावे केली आहे. गेल्या वर्षी आमच्याच आडनावाच्या एका कृष्णवर्णीय बाई मला भेटल्या. मागे १८७०च्या जनगणनेपर्यंत त्यांना आपले घराणे नावानिशी सापडते. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्यांत वय आणि लिंग आहे, नाव नाही. मृत्युपत्रातली ती बाई आपली पूर्वज असेल का, असे त्यांनी विचारले.

मी लगेच हो म्हटले नाही. त्या बाईचे नाव त्या काळच्या कितीतरी याद्यांत येते, आणि एकाच नावाची दोन माणसे एक करण्याची चूक मला दुसऱ्यांदा, आणि त्यांच्या बाबतीत, करायची नाही. ज्या मुलीला ती दिली, ती लग्नानंतर आल्बेमार्ल काउंटीत गेली असे दिसते. म्हणून मी आधी तिच्या नवऱ्याच्या जमिनीच्या मागे आहे. त्याच्या चार खतांपैकी तीन काढून झाली आहेत, हद्दी जुळत आहेत. चौथ्याचे पान पुसट आहे. ते मी मूळ वहीतच पाहणार आहे, आणि त्या बाई माझ्याबरोबर येणार आहेत.