आमची वाटचाल : पार्ट बसवण्यापासून फरक मोजण्यापर्यंत

सुरुवातीला आमचं काम पिकअपना एअर फिल्टर, सायलेन्सर, इंटरकूलर बसवून देण्यापुरतं होतं. ताकद किती वाढेल याचा आकडा पार्टच्या खोक्यावर छापलेला असायचा आणि तोच सगळे धरून चालायचे. पण लोड घेऊन घाट चढणाऱ्या माणसाला नुसता आवाज वाढलाय की खरंच ओढ वाढलीय, हे लगेच कळतं. त्यामुळे डायनो, म्हणजे गाडीची चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र, घेणं भाग होतं. तेव्हापासून धंद्याचं वजन पार्टकडून मोजणीकडे सरकत गेलं.

पहिलं यंत्र इनर्शिया प्रकारचं होतं. रोलरचं जडत्व माहीत असतं, चाकं तो किती झपाट्याने फिरवतात त्यावरून पॉवर निघते. साध्या पेट्रोल इंजिनाला एवढं पुरतं, टर्बो डिझेलला नाही. रोलर हलका पडला तर आरपीएम भराभर चढतात, टर्बोला बूस्ट, म्हणजे इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा दाब, भरायला वेळच मिळत नाही आणि आलेख रस्त्यावरच्या ताकदीच्या खाली राहतो. शिवाय हलकी रिम लावली तरी या यंत्रावर हॉर्सपॉवर वाढल्यासारखी दिसते, इंजिनात काडीचा बदल नसताना. म्हणून पुढे एडी करंट ब्रेक आला, म्हणजे रोलरला चुंबकीय बळाने रोखून धरणारा ब्रेक. त्यावर इंजिन २,५०० आरपीएमला भाराखाली धरून ठेवता येतं. बूस्ट, एक्झॉस्टचं तापमान आणि टॉर्क स्थिर होऊ द्यायचे आणि मग वाचन घ्यायचं.

आकड्यांचा हिशोब सरळ आहे. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९,५४९, म्हणजे किलोवॅट. २,५०० आरपीएमला ३०० न्यूटन-मीटर असतील तर सुमारे ७८.५ किलोवॅट. पण याचेच १०५ हॉर्सपॉवर होतात आणि जवळपास १०७ पीएसही, कारण पीएस, म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर, ७३५.५ वॅटचा आणि ब्रिटिश हॉर्सपॉवर ७४५.७ वॅटचा. आधीचा आकडा एका मापात आणि नंतरचा दुसऱ्या मापात दाखवला तर काही न बसवताच वाढ मिळते!

खरी मेहनत गाडी रोलरवर चढवण्याआधी असते. टायरची हवा दरवेळी तीच, कारण हवा कमी असली की टायर जास्त चेपतो आणि पॉवर खातो. गाडी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा ताणही तोच. मागची चाकं रोलरवर जितकी खाली ओढाल तितका घर्षणाचा तोटा वाढतो, आणि सैल सोडलीत तर चाक घसरून आलेखात दात पडतात. फोर-व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम असेल तर टू-व्हीलमध्ये टाकायची. फुल-टाइम असेल तर चारही चाकांचा डायनो लागतो. ट्रॅक्शन कंट्रोल बंद. गिअर शक्यतो १:१ गुणोत्तराचा, आणि ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर लॉक झालाय याची खात्री. डिझेलला स्पार्क प्लगची वायर नसल्याने आरपीएम ओबीडीवरून, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटवरून, घेतो, किंवा क्रँक पुलीला चकाकती पट्टी चिकटवून ऑप्टिकल सेन्सरने.

मग तापमान. पाठोपाठ रन (मोजणीच्या फेऱ्या) घेतले की इंटरकूलर तापतो, आत जाणारी हवा गरम होते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोलमध्ये टायमिंग, डिझेलमध्ये इंधन मागे खेचतो. तिसरा रन पहिल्यापेक्षा कमी आला की बहुतेक वेळा कारण हेच. समोर मोठा पंखा, आणि कूलंट व इनटेक हवा ठरलेल्या तापमानाला आल्याशिवाय पुढचा रन नाही.

हवामानाच्या दुरुस्तीबद्दल, म्हणजे हवेचं तापमान आणि दाब धरून आकड्याला गुणक लावण्याबद्दल, आम्ही जरा हट्टी आहोत. एसएई जे१३४९ या मानकामध्ये २५ अंश सेल्सिअस आणि ९९० मिलीबार कोरडी हवा हा पाया आहे. ४० अंश आणि ९३५ मिलीबारला गुणक १.१० च्या आसपास जातो. नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे बिनटर्बोच्या, पेट्रोल इंजिनाला तो रास्त आहे. टर्बो इंजिन मात्र पातळ हवेची भरपाई बऱ्याच अंशी स्वतःच बूस्टने करतं, त्याला पूर्ण गुणक लावला की १५० चे १६५ होतात आणि ते पंधरा फक्त कागदावर असतात. म्हणून टर्बो गाड्यांचे मूळ, दुरुस्ती न केलेले आकडे आम्ही आधी छापतो.

चाकांवरचे आकडे इंजिनाच्या आकड्यात बदलून देत नाही. कंपनीचा दावा १५०, चाकांवर १२०, म्हणून तोटा २० टक्के धरायचा आणि मग चाकांवर वाढलेले ६ भागिले ०.८ करून ७.५ सांगायचे, ही पद्धत चालते खरी. पण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचा तोटा असा ठरलेल्या टक्क्यात वाढत नाही.

पार्टांचं म्हणाल तर, बॉनेटखालची गरम हवा ओढणारा उघडा फिल्टर अनेकदा उलट पॉवर घटवतो. स्टॉक पिकअपला नुसता मागचा सायलेन्सर बदलून मिळणारी वाढ यंत्राच्या स्वतःच्या एक-दोन टक्के चढउतारात हरवू शकते. टर्बो डिझेलमध्ये मोठा फरक पडतो तो बूस्ट आणि इंधनाच्या रीमॅपने, म्हणजे ईसीयूमधली सेटिंग बदलून. त्यात धोका उष्णतेचा. टर्बाइनच्या आधी बसवलेल्या पायरोमीटरवर एक्झॉस्टचं तापमान सतत ७०० अंशांच्या वर राहू लागलं, तर लोड ओढणाऱ्या गाडीत इंधन कमी करतो, कमाल आकडा खाली आला तरी.

मोजणीचा क्रम असा : जुन्या पार्टवर तीन रन, नव्यावर तीन, आणि शेवटी जुना परत बसवून पुन्हा तीन. पहिल्या आणि शेवटच्या संचांची सरासरी जुळली नाही, तर मधला संच कितीही चांगला आला तरी बाद. जुळली, पण नव्या पार्टचा फरक त्यांच्या चढउताराच्या आतच राहिला, तर अहवालात ‘मोजता येण्याजोगा फरक नाही’ असं लिहून गाडी जुन्याच पार्टवर परत देतो.