कोण कशावर हसतं, ते बघा

पालकसभेत एक वाक्य ठरलेलं असतं. "मॅडम, आमचा तसा नाहीये हो, संगत वाईट लागली." गंमत म्हणजे ज्या मुलाच्या संगतीबद्दल ही तक्रार असते, त्याचे आईवडील थोड्या वेळाने त्याच खुर्चीत बसतात आणि हेच सांगतात. फक्त बोट उलट दिशेला असतं. एकदा तर दोघांच्या आया व्हरांड्यात छान गप्पा मारत उभ्या होत्या, आणि पाळीपाळीने आत येऊन एकमेकींच्या लेकाचं नाव घेऊन गेल्या. खोटं कुणीच बोलत नव्हतं. ती दोन्ही मुलं एकेकटी भेटली की शहाण्यासारखी वागतात. एकत्र आली की काय होतं, ते मला विचारा.

मी नववी-दहावीला भाषा शिकवते. म्हणजे निबंध तपासते आणि ऑफ तासाला वर्गात जाऊन बसते. मुलं काय बोलतात ते ऐकायला ऑफ तासासारखी जागा नाही. पहिली पाच मिनिटं बाई समोर आहेत म्हणून आवाज दबलेला असतो, मग त्यांना आपला विसर पडतो. आपण वह्यांत डोकं घातलेलं असलं की झालं.

इतकी वर्षं हे ऐकल्यावर मला वाटतं, आपण संगतीकडे सर्दीसारखं बघतो. दुसऱ्याला झाली, आपल्या पोराला लागली. नाहीतर मग व्याख्यानांमधला तो 'पीअर प्रेशर' नावाचा राक्षस. चार टारगट पोरं एका गरीब बिचाऱ्याला कोपऱ्यात गाठून म्हणतात, कर, नाहीतर बघ. असं होतच नाही असं नाही, आणि होतं तेव्हा ते गंभीरच असतं. पण मला वर्गात रोज दिसतं ते वेगळं आहे. कुणी कुणाला काही करायला सांगत नाही. फक्त हसतात, किंवा हसत नाहीत.

एका ऑफ तासाचंच सांगते. खिडकीजवळच्या बाकांवर चौघं बसले होते. एकाने क्लास बुडवून घरी काय थाप मारली ते सांगितलं. हशा. दुसऱ्याने त्याहून मोठी थाप सांगितली. आणखी मोठा हशा, बाकावर थापा. मग तिसरा म्हणाला, "मी काल भावाला अपूर्णांक शिकवत होतो." कुणीही काही बोललं नाही. एकाने कंपासपेटी उघडली, एकाने खिडकीबाहेर पाहिलं. टिंगल नाही, टोमणा नाही, नुसतं काहीच नाही. तो मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे, आईने बसवलं रे जबरदस्तीने. डोकं फिरलं माझं." तेव्हा हशा आला. त्याचे खांदे खाली आले, मला ते वहीच्या आडून दिसले.

त्या मुलाला भावाला शिकवायला आवडतं, हे मला माहीत आहे. त्याच्या निबंधात आलं होतं. पण चौघांत त्याने ते वाक्य तिथल्या तिथे दुरुस्त केलं, आणि अशी दुरुस्ती रोज झाली की वर्षभराने आवडतं ते कुठलं आणि दुरुस्त केलेलं कुठलं, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. यात दबाव कुणी आणला? चौघांपैकी कुणाला विचारलंत तर म्हणतील, आम्ही काय केलं?

टॉम डिशियन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रकार कॅमेऱ्यात पकडला होता. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना एकेका मित्राबरोबर बसवून गप्पा मारायला लावल्या आणि चित्रीकरण बारकाईने पाहिलं. काही जोड्यांमध्ये नियम मोडण्याच्या गोष्टी निघाल्या की हसू यायचं, आणि मग तशाच गोष्टी वाढत जायच्या. इतर जोड्यांमध्ये तसला विषय निघाला तरी विरून जायचा, ती मुलं साध्या विनोदांवर हसायची. पहिल्या प्रकारच्या जोड्यांमधली मुलं पुढे गैरवर्तनाकडे जास्त वळलेली दिसली. १९९६ साली हे प्रसिद्ध झालं. धमकी नाही, आग्रह नाही, हसणं हेच शिकवणं.

त्याच संशोधकांचं १९९९ सालचं काम मला जास्त बोचतं. बिघडण्याची शक्यता असलेल्या मुलांना एकत्र आणून, त्यांचे गट करून, त्यांना चांगलं वळण लावायचा कार्यक्रम केला. तर गटात बसलेल्या मुलांचं धूम्रपान आणि शाळेतलं वाईट वागणं न बसलेल्या मुलांपेक्षा वाढलं. हेतू उत्तम, पण एकमेकांच्या थापांवर हसायला प्रेक्षक आयतेच मिळाले. हे वाचलं तेव्हा मला पूर्वीची एक शाळा आठवली. तिथे 'त्रास देणारी' मुलं दरवर्षी वेचून एका तुकडीत टाकत. बाकीच्या तुकड्यांना शांतता मिळावी म्हणून. मिळायचीही. त्या एका तुकडीचं काय व्हायचं ते मात्र कुणी मोजलं नाही, आणि त्या वर्गावर तास घ्यायला नेहमी सगळ्यात नवीन शिक्षक जायचे. असो.

मुलींच्यात हे कसं चालतं ते मला वह्यांमध्ये दिसतं. एका वर्षी एका मुलीने अनुस्वाराच्या टिंबाऐवजी छोटं पोकळ गोल काढायला सुरुवात केली. पंधरवड्यात तिच्या बाकावरच्या दोघींचे अनुस्वार पोकळ झाले, मग मागच्या बाकावर गेले. र चा पाय सगळ्यांचा सारखाच लांब व्हायला लागला. मी लाल शाईने दुरुस्त करत राहिले, त्या काढत राहिल्या. मग एक दिवस त्यातल्या एकीच्या वहीत टिंबं परत भरीव झाली. मी काही बोलले नाही, पण मधल्या सुट्टीत पाहिलं तर ती एकटीच जिन्यावर बसली होती. भांडण झालेलं मला अक्षरावरून आधी कळलं.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास लिहून ठेवलंय की या वयातली मुलं कपडे, हावभाव असल्या क्षुल्लक फरकांवरून दुसऱ्याला किती निर्दयपणे बाहेर काढतात. आणि त्याच्या मते त्यामागे 'मी कोण' हे न ठरल्याची घाबरगुंडी असते. मला ते पटतं. स्वतःचं अजून काही पक्कं नसतं, तेव्हा निदान 'आपण' तरी पक्कं असावं लागतं. पोकळ अनुस्वार हे त्या 'आपण'चं ओळखपत्र. पेनेलपी एकर्ट या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात डेट्रॉइटजवळच्या एका हायस्कूलमध्ये मुलांचे उच्चार तपासले. मुलं स्वर कसे उच्चारतात हे त्यांच्या आईवडिलांच्या आर्थिक थरापेक्षा ती शाळेतल्या कुठल्या कंपूत आहेत यावरून जास्त चांगलं सांगता येत होतं. आपल्याला वाटतं, बोलणं घरून येतं.

आता त्या दोन आयांचा प्रश्न. कुणी कुणाला बिघडवलं? डेनीज कँडेल या संशोधक बाईंनी १९७८ साली मित्रांच्या जोड्या वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासून याचा हिशोब मांडला. मित्र एकमेकांसारखे असतात त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. मुलं आधी आपल्यासारखाच मित्र शोधतात, आणि मग एकमेकांसारखी आणखी होत जातात. दोन्हींचा वाटा साधारण सारखाच निघाला. म्हणजे 'आमचा तसा नाहीये' हे अर्धंच खरं. तो थोडासा तसा होता, म्हणून तर त्या बाकावर जाऊन बसला. हे पालकांच्या तोंडावर सांगायचं कसं, ते मला अजून नीट साधत नाही.

पण याच वयात का? एक प्रयोग स्टाफरूममध्ये मी इतक्यांदा सांगितलाय की लोक आता माझ्याआधी तो पूर्ण करतात. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग हे मानसशास्त्रज्ञ, साल २००५. गाडी चालवायचा कॉम्प्युटर गेम, पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की पुढे दामटायचं. एकटी असताना वेगवेगळ्या वयांच्या लोकांत फारसा फरक नाही. दोन मित्र शेजारी बसवले की तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी घेतलेले धोके साधारण दुप्पट झाले. चोविशीपुढच्यांना मित्र असल्या-नसल्याने काही फरक पडला नाही. २०११च्या पुढच्या प्रयोगात तर मित्र शेजारी नव्हतेच. ते दुसऱ्या खोलीतून पडद्यावर बघताहेत एवढंच माहीत होतं, तरी मेंदूतले बक्षिसाशी जोडलेले भाग जास्त पेटले. म्हणून "त्याला चांगलं-वाईट कळत नाही का?" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. कळतं. एकटा असताना उत्तम कळतं. बघणारं कुणी असलं की चुकीच्या गोष्टीची मजाच वाढते, त्याला कळण्याने आवर बसत नाही. आणि हल्ली बघणारं कुणीतरी खिशातच असतं.

मित्रांच्या मताला न झुकण्याची ताकद चौदा ते अठरा या वर्षांत हळूहळू वाढत जाते, असं स्टाइनबर्गच्याच २००७च्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे नववीच्या मुलाकडून आपण जी अपेक्षा करतो ती बरेचदा बारावीच्या मुलाकडून करायची असते.

दुसरी एक भानगड मला सगळ्यात करमणुकीची वाटते. परीक्षेच्या दिवशी वर्गाबाहेर उभं राहा. प्रत्येक जण सांगत असतो, "मी काहीच वाचलं नाहीये." प्रत्येक जण! एकदा मी बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या. अभ्यास केला होतास का, आणि तुझ्या मते वर्गात किती जणांनी केला असेल? बहुतेकांनी केला होता. बहुतेकांना वाटत होतं की बहुतेकांनी केला नाही. मी चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखवल्या, तेव्हा आधी कुजबुज, मग मागून कुणीतरी ओरडलं, "अरे चोरांनो!" प्रेंटिस आणि मिलर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात दारूबद्दल हेच पाहिलं होतं, १९९३ मध्ये ते छापून आलं. तिथला विद्यार्थी स्वतः दारूच्या रिवाजाबद्दल साशंक असायचा, पण बाकी सगळ्यांना तो रिवाज मान्य आहे असं धरून चालायचा. अख्खा गट एका अशा मतापुढे मान तुकवत होता जे फार थोड्यांचं होतं.

मग पालक विचारतात, करायचं काय? मैत्री तोडायला लावू का? माझं मत विचाराल तर नको, धोका खरोखरच मोठा नसेल तोवर तरी. बंदी घातलेली मैत्री संपत नाही, ती फक्त तुमच्यासमोर चालायची थांबते. त्यापेक्षा मुलाला दुसरा एखादा गट असू द्या, जिथे वेगळ्या गोष्टींवर हसतात. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. बाकावर ती एकदम बिनधास्त, गृहपाठ म्हणजे काय असा चेहरा. तीच संध्याकाळी मैदानावर वेळेच्या आधी हजर असते आणि उशिरा येणाऱ्यांवर करवादते, कारण तिथल्या मुलींमध्ये उशिरा येणं हा विनोद नाही. ती ढोंग कुठे करते? माझ्या मते कुठेच नाही. तिला स्वतःचे दोन नमुने बघायला मिळतात एवढंच. ज्याला एकच गट आहे, त्याला त्या गटात नापास व्हायची चैन परवडत नाही.

आणि एक तरी सोबती. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाच्या १९५०च्या दशकातल्या त्या प्रसिद्ध प्रयोगात, समोरच्या रेघांपैकी सारख्या लांबीची कोणती ते सांगायचं होतं. आधीच फितवलेले बाकी सगळे चुकीचं उत्तर द्यायचे, आणि प्रयोगातला खरा माणूस सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्या सुरात सूर मिसळायचा. पण त्या गर्दीत बरोबर उत्तर देणारा फक्त एक जण ठेवला की हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर यायचं. बाक बदलताना मी हा हिशोब करते. ज्या मुलाने अपूर्णांकाचं वाक्य गिळलं, त्याच्या शेजारी अशा एकाला बसवलं ज्याला कशाचंच हसू चुकीच्या जागी येत नाही. थोडा मख्ख आहे, पण "कुठला धडा शिकवलास भावाला?" असं सरळ विचारू शकतो.

राहिला प्रश्न अख्ख्या वर्गाचा. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ५६ शाळांमध्ये एलिझाबेथ पॅलक आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत काही मुलांना दादागिरी आणि भांडणांविरुद्ध आपल्या पद्धतीने बोलायला सांगितलं. त्या शाळांत भांडणांच्या नोंदी वर्षभरात सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि निवडलेल्या मुलांच्या ज्या गटांत इतर मुलांचं लक्ष ज्यांच्याकडे असतं अशी मुलं जास्त होती, तिथे परिणाम अधिक झाला. आपण शिक्षक मॉनिटर निवडतो तेव्हा नेमकं उलट करतो. आपलं लक्ष ज्यांच्याकडे असतं, ती मुलं.

या वर्षी मी खिडकीजवळच्या त्या थापाड्यालाच मॉनिटर केलं. स्टाफरूममध्ये नाव सांगितल्यावर दोघीतिघींनी वह्यांतून मान वर काढून माझ्याकडे पाहिलं. अजून तरी वर्गाकडून तक्रार नाही. त्याची स्वतःची एक आहे. म्हणाला, मॅडम, आता मी काही केलं की सगळे आधी माझ्याकडे बघतात. मी म्हटलं, आधीही बघायचेच की.