रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ (मोटरसायकल): मागच्या लिंकेजचं ग्रीसिंग, ३१,४०० किमी

खंडेनवमीला पाने-स्क्रूड्रायव्हर पुजायचे आणि दसऱ्याला गाडी, तर त्याआधी हे लिंकेजचं (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म आणि शॉकअप यांना जोडणाऱ्या सांध्यांचं) काम उरकायचंच असं ठरवलं होतं. दोन पावसाळे ताम्हिणी घाट, आणि घरी आल्यावर जेटचं पाणी थेट स्विंगआर्मखाली. दोन्ही उद्योग माझेच. गाडी मागून दगडासारखी आपटायला लागली तेव्हा मी शॉकअप गेला समजून नव्याचे भाव काढत बसलो होतो.

सुरुवात सॅग, म्हणजे माणूस बसल्यावर गाडी मागे किती दबते ते, मोजण्यापासून. मी गाडीवर, टेप भावाच्या हातात. मागची बाजू दाबून हळूच सोडली तर ६४ मिमी, उचलून हळूच सोडली तर ४९. मागचा ट्रॅव्हल (चाक वरखाली जाण्याची एकूण जागा) १८० मिमी, म्हणजे सॅग त्याच्या एक तृतीयांश, ६० च्या आसपास हवा. पण खरी गोम त्या १५ मिमीच्या फरकात. सगळं मोकळं असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ यायला हवेत. स्प्रिंग बिचारी ठीक होती, लिंकेजच अडत होतं.

मेन स्टँडवर मागचं चाक लोंबतं आणि त्याचा भार लिंकेजच्या बोल्टवर येतो. तसाच ठोकून काढला तर आटे गेलेच म्हणून समजा. चाकाखाली स्वयंपाकघरातला पाट सरकवला, वर रद्दी. एकेक पेपर वाढवत गेलो आणि बाराव्या की तेराव्या पेपरला बोल्ट बोटाने सरकला.

बाकीचे कॉलर (बोल्टवर बसणारे नळीसारखे तुकडे) अंगठ्याने निघाले. सगळ्यात खालचा, पुढच्या चाकाचा चिखल खाणारा, हलेना. गंज सोडवायचा स्प्रे मारून तासभर ठेवला, मग जुनं सॉकेट टेकवून हलक्या हाताने ठोकला. आतून ग्रीसऐवजी गेरूसारखा लगदा. कॉलरवर बेअरिंगमधल्या सुयांचे (बारीक रोलर्सचे) वळ उठलेले, नख फिरवलं की अडकतं. इथलं नीडल बेअरिंग कधी पूर्ण फिरतच नाही, काही अंशांत मागेपुढे डुलतं. दाब त्याच त्या जागी, ग्रीस बाजूला ढकललं जातं आणि त्याच्या जागी पाणी बसतं.

सगळं रॉकेलने धुतलं, पुसून वाळवलं आणि पाण्याला टिकणारं मरीन ग्रीस सुयांच्या मधे अंगठ्याने दाबून भरलं. सीलच्या ओठांनाही लावलं. बोल्टच्या दांड्याला पातळ हात दिला, आटे मात्र कोरडे ठेवले, कारण मॅन्युअलमधला टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा) सहसा कोरड्या आट्यांचा असतो. टॉर्क पाना मित्राकडून आणला. इथे 'हाताचा अंदाज' वगैरे नको.

जोडून पुन्हा मोजलं: ६१ आणि ५६. सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर आता नुसता हलका हेलकावा देतो.

उरलेले ५ मिमी बहुधा त्या खालच्या बेअरिंगचे. ते आणि कॉलर दुकानात सांगून ठेवलंय. लांब बोल्ट, दोन वॉशर आणि मोठं सॉकेट एवढ्यावर जुनं ओढून निघतं का, ते दिवाळीच्या सुट्टीत बघतो. पाट आहेच, आईने तो आता घरात घ्यायला नकार दिलाय.