आयोवातल्या खोलगट मैदानात

आमच्या घरात कुस्ती होती, पण आम्हा बायकांच्या वाट्याला ती ऐकण्यापुरतीच आली. आबा कोल्हापूरच्या गंगावेस तालमीचे. पहाटे तीनला उठून जायचे आणि उजाडल्यावर परत यायचे, तेव्हा कानाच्या पाळीमागे लाल माती तशीच असायची. रात्री भिजत घातलेले बदाम सोलायचं काम माझं. खासबागेत कुस्त्यांचं मोठं मैदान असलं की आबा आणि दादा दुपारीच घराबाहेर पडायचे. आई आणि मी घरी. हलगीचा कडकडाट आमच्या माडीपर्यंत ऐकू यायचा, मध्येच हजारो माणसांचा एकदम आवाज उठायचा, आणि आम्ही अंदाज करायचो की कोणीतरी पडलं.

रात्री दादा आला की खरी कुस्ती सुरू व्हायची. अंथरुणं घातलेली असायची. "हे बघ, असा हात धरला, असा खाली गेला आणि असा पट काढला," म्हणत तो मलाच उचलून गादीवर आडवी करायचा. पडलेला पैलवान नेहमी मीच असायचे. मी सगळे डाव असे पाठीवर पडून शिकले. खासबागेच्या आत मात्र कधी बसले नाही. आमच्या घरातल्या बाईनं मैदानात जायचं नसतं, हे कुणी सांगायची गरजच नव्हती.

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. लेक अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात संशोधन करते, तिच्याकडे मी या वेळी तीन महिने राहिले. शिकागोहून छोट्या विमानाने सीडर रॅपिड्सला उतरायचं आणि तिथून अर्ध्या तासात आयोवा सिटी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका काढून झालेली रानं, मध्येच एखादं कौलारू गोठ्यासारखं लाल घर. पुण्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, "तिथे बघण्यासारखं काय आहे?" अख्ख्या राज्याची लोकसंख्या बत्तीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहूनही कमी. राज्यात फुटबॉल, बास्केटबॉल किंवा बेसबॉलच्या पहिल्या दर्जाच्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. त्यामुळे विद्यापीठाचे संघ हेच त्यांचे संघ. काळा आणि सोनेरी हे विद्यापीठाचे रंग मला पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्याच्या टोपीवर दिसले, बेकरीच्या काचेवर दिसले, लेकीच्या दाताच्या डॉक्टरच्या मोज्यांवर दिसले. यातल्या कितीजणांनी त्या विद्यापीठात पाऊल टाकलं असेल कोण जाणे. पण बोलताना सगळे "आम्ही जिंकलो" असंच म्हणतात. मला ते लगेच कळलं. आपल्याकडेही पैलवान गावाचा असतो.

शनिवारी फुटबॉलचा सामना होता. त्यांचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन धावायचा खेळ. पहाटेपासून स्टेडियमभोवतीच्या मोकळ्या जागांत गाड्या लागलेल्या, गाडीची मागची दारं उघडून तिथेच शेगड्या मांडलेल्या, मक्याची कणसं, मांस, खुर्च्या, आजी-आजोबा, पाळण्यातली पोरं. एखाद्या जत्रेच्या तळावर यावं तसं वाटलं. मैदानाच्या दारावर माझी कापडी पिशवी अडवली, कारण आत फक्त आरपार दिसणारी पिशवी चालते. लेकीने माझा चष्मा, औषधं आणि डिंकाचा लाडू प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत घातला आणि आम्ही आत गेलो.

किनिक स्टेडियम १९२९ साली बांधलं. आत ६९ हजारांवर माणसं बसतात आणि गावाची वस्ती जेमतेम पाऊण लाख, यावरून कल्पना यावी. ज्याचं नाव दिलंय तो नाइल किनिक १९३९ चा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, हाइजमन ट्रॉफीचा मानकरी. पुढे नौदलात वैमानिक झाला आणि १९४३ मध्ये सरावाच्या उड्डाणात विमान समुद्रात उतरवताना गेला. वय अवघं चोवीस. मैदानाला त्याचं नाव मात्र १९७२ मध्ये मिळालं. खेळाडूंच्या हेल्मेटवर तीन अक्षरांची गोल खूण असते, ती शेतकऱ्यांसाठी. ऐंशीच्या दशकात कर्जाने शेती बुडत होती, तेव्हा हेडन फ्राय नावाच्या प्रशिक्षकाने ती १९८५ मध्ये लावायला सुरुवात केली. अर्थ एवढाच, की अमेरिकेला शेतकरी हवे आहेत. ही खूण आजही हेल्मेटवर आहे. शेतकऱ्याच्या पोटचा पोरगा खेळतोय आणि त्याच्या डोक्यावर शेतकऱ्याचं नाव आहे, हे मला फार मोठं वाटलं.

खेळ मला अर्धाच कळला. पण खेळाच्या चार भागांपैकी पहिला संपला आणि ६९ हजार माणसं एकदम उठून मैदानाकडे पाठ करून उभी राहिली. दोन्ही संघांचे खेळाडूसुद्धा वळले. रस्त्यापलीकडे स्टेडियमच्या उंचीच्या वर जाणारी एक काचेची इमारत आहे, विद्यापीठाचं मुलांचं रुग्णालय. सगळ्यात वरच्या मजल्यावरून मैदान दिसतं. आजारी मुलं, त्यांच्या आया, नर्सेस काचेला येऊन उभ्या असतात. सगळं स्टेडियम त्यांना हात हलवून दाखवतं. २०१७ मध्ये समाजमाध्यमावर कुणीतरी बाईने सुचवलं आणि त्याच हंगामात ही रीत पडली. माझ्या पुढच्या रांगेतला आडदांड गडी दोन्ही हात वर करून हलवत होता आणि त्याचा घसा दाटून आला होता. काचेमागचं कुणी ओळखू येत नव्हतं, फक्त छोटे छोटे हात हलताना दिसत होते. मीही हलवला. नंतर कितीतरी वेळ मला बसवेना.

पण मी गेले होते कुस्तीसाठीच. लेकीने तिकिटं आधीच काढली होती, मुलींच्या कुस्तीची.

त्या मुलींच्या संघामागे एक हकिगत आहे, ती इथे सांगितलीच पाहिजे. अमेरिकेत १९७२ पासून कायदा आहे की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलामुलींत भेद करायचा नाही, आणि खेळही त्यात आले. इथल्या खेळ विभागाचा खर्च मुख्यतः फुटबॉलची तिकिटं, टीव्हीचे करार आणि देणग्या यांतून भागतो. करोनाने २०२० मध्ये ते बंद पडलं, तेव्हा विद्यापीठाने चार खेळ बंद करायचं जाहीर केलं. मुलांचं टेनिस, मुलांचं जिम्नॅस्टिक्स आणि मुलामुलींचं पोहणं. पोहणाऱ्या मुली थेट न्यायालयात गेल्या. डिसेंबरात न्यायालयाने विद्यापीठाला थांबवलं आणि मुलींचा पोहण्याचा संघ वाचला. मुलांचे तिन्ही गेले, त्याचं वाईट वाटतं. याच विद्यापीठाच्या तलावात १९३० च्या दशकात बटरफ्लाय पोहण्याची पद्धत घडली, आणि तिथे आता मुलांचा संघ नाही. त्या दाव्याच्या पाठोपाठ, सप्टेंबर २०२१ मध्ये, विद्यापीठाने मुलींचा कुस्ती संघ काढायचं जाहीर केलं. अमेरिकेतल्या तेव्हाच्या बड्या पाच कॉलेज लीगमधलं असं हे पहिलं विद्यापीठ. २०२३-२४ मध्ये संघ उतरला, पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेता झाला, दुसऱ्या वर्षी पुन्हा झाला. प्रशिक्षक क्लॅरिसा चुन, हवाईची, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची कांस्यपदक विजेती.

कार्व्हर-हॉकआय अरीना बाहेरून बसकी दिसते. दारापाशी पैलवान डॅन गेबलचा पुतळा आहे. म्युनिक ऑलिंपिकमध्ये १९७२ साली सुवर्णपदक मिळवताना त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण दिला नाही. कॉलेजात असताना तो एकच कुस्ती हरला, तीही शेवटची. मग इथे प्रशिक्षक झाला आणि १९९७ पर्यंत त्याच्या हाताखाली आयोवाने पंधरा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. मी पुतळ्याला हात जोडले. पैलवानाला नमस्कार केल्याशिवाय आत जायचं नाही, ही आबांची शिकवण.

दारातून आत गेले आणि जागीच थांबले. आपण जमिनीच्या पातळीवर उभ्या असतो आणि मैदान खाली, खूप खाली. ओढ्यासारख्या सखल भागात खोदून ही इमारत बसवली आहे, १९८३ साली उघडली. चारी बाजूंनी पायऱ्यापायऱ्यांनी आसनं उतरत जातात आणि तळाशी एकच मॅट. पंधरा हजार माणसं बसतात आणि कुणाचं डोकं कुणाच्या आड येत नाही. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले, तिथली जुनी रोमन मैदानं पाहून आले आणि खासबाग बांधून घेतलं, १९१२ मध्ये ते सुरू झालं, असं आबा सांगायचे. "वाटीसारखं आहे बघ, तळात हौदा आणि काठावर माणसं." ती वाटी मी डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिली ती इथे. लेक म्हणाली, "आई, जिना अडतोय." मी उतरू लागले.

मुलींसाठी या वाटीत माणसं जमणं इथे नवं नाही. १९८५ मध्ये मुलींच्या बास्केटबॉलला याच इमारतीत २२,१५७ माणसं आली होती, बसायच्या जागांहून कितीतरी जास्त. कॅटलिन क्लार्क इथे बास्केटबॉल खेळायची तेव्हा तर, २०२३ च्या ऑक्टोबरात, बास्केटबॉलचं मैदान उचलून फुटबॉलच्या स्टेडियममध्येच मांडलं, ५५,६४६ माणसं आली. मुलींची पहिली घरची कुस्ती बघायला आठ हजारांवर लोक होते. मी गेले त्या संध्याकाळी तेवढे नव्हते, पण खालचा भाग चांगला भरला होता.

माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ. मी आधी त्यांचे कान पाहिले. दोन्ही मोडलेले, आत दुमडून गड्डा झालेले. रगडून रगडून कानात रक्त साकळतं आणि तो तसाच कडक होतो. आबांचा डावा कान असाच होता. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायची, तो दगडासारखा लागायचा. मी लेकीला म्हटलं, यांना विचार, कुठे कुस्ती केली. ते खुलले. शाळेत आणि कॉलेजात खेळले होते आणि आता मक्याची शेती मुलाकडे देऊन नातीला कुस्तीला नेतात. आयोवाच्या शाळांत मुलींच्या कुस्तीला २०२२-२३ पासून रीतसर मान्यता आहे. मी माझ्या कानाला हात लावून सांगितलं, "माय फादर." त्यांनी टोपी काढली.

दहा वजनगट, १०३ पौंडांपासून २०७ पौंडांपर्यंत. मुली फ्रीस्टाइलच खेळतात, ऑलिंपिकसारखी, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. एकीने दहा गुणांची आघाडी घेतली किंवा चितपट केलं की कुस्ती तिथेच संपते, नाहीतर गुणांवर. एक कुस्ती मी विसरणार नाही. काळ्या पोशाखातली मुलगी बुटकी, दंडाने भरलेली. समोरची उंच, लांब हातांची. पहिलं दीड मिनिट नुसती खडाखडी. उंच मुलगी मान दाबून ठेवायची आणि आमची, हो, आमचीच म्हणते, ती डोकं काढून घ्यायची. दोन वेळा पटाला गेली, दोन्ही वेळा समोरचीने पाय मागे टाकून वर वजन दिलं. उंच मुलगी एका गुणाने पुढे गेली. तिसऱ्या वेळी आमच्या मुलीने मनगट धरलं, उजवीकडे ओढल्यासारखं केलं आणि डाव्या गुडघ्यावर सरकत एकेरी पट काढला. पाय छातीशी धरून उभी राहिली. समोरची एका पायावर नाचत होती. मी उभी राहून मराठीत ओरडले, "सोडू नको! टांग मार!" तिने दुसऱ्या पायामागे पाय घातला आणि खाली घेऊन ताबा मिळवला. सगळी वाटी एका आवाजात ओरडली, "टू!" शेजारच्या आजोबांची दोन बोटं वर गेली होती. मग लगेच भारंदाज, एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली. प्रत्येक वेळी दोन, दोन. तिसऱ्यांदा अर्ध्यावरच तिचे दोन्ही खांदे मॅटला लागले आणि पंचाने हात आपटला.

हा आवाज मी बाहेरून कितीतरी वेळा ऐकला होता. त्यात उभी पहिल्यांदाच होते.

कुस्त्या संपल्यावर मुली रांगेत बसून सह्या देत होत्या. जवळून पाहिलं तर त्या बुटक्या मुलीच्या कानाची पाळी लाल होती आणि गालावर मॅटचा ओरखडा. मला आपल्याकडच्या पोरी आठवल्या. २०२३ मध्ये सांगलीत पहिल्यांदा महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून होते. खेड्यापाड्यांतल्या मुली आता मातीत आणि मॅटवर दोन्हीकडे घाम गाळतात. पण त्यांच्यातल्या बहुतेकींच्या मागे बाप एकटा उभा असतो, शेत विकून, कर्ज काढून. खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले तेव्हा त्यांच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. त्या एका माणसाने केलं ते इथे अख्खं विद्यापीठ करतं. सरावाची नवी इमारत आहे, ती बोगद्याने अरीनाला जोडली आहे, मुलं आणि मुली तिथेच मेहनत करतात. आहार बघणारी माणसं वेगळी, दुखापत बघणारी वेगळी, अभ्यास घेणारी वेगळी. आमच्या शिवाजी विद्यापीठाच्या मुलींना यातलं निम्मं मिळालं तरी काय होईल, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

बाहेर बर्फाची भुरभुर सुरू झाली होती. विद्यापीठाची फुकट बस असते, विद्यार्थीच चालवतात. थांब्यावर उभं राहून मी दादाला फोन लावला. तिथे सकाळचे आठ वाजून गेले होते. दादा पंच्याहत्तरीत आहे, गुडघे गेलेत, पण अजून तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसतो.

"कुठं हाईस गं?"

"दादा, मी मैदानातनं आले."

थोडा वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "पोरींची व्हय? चितपट झाली का गुणावर?"

मी सांगितलं. खडाखडी सांगितली, दोन वेळा पट फसला ते सांगितलं, मनगट कसं ओढलं ते सांगितलं. बस आली, लेकीने दंडाला धरून मला आत चढवलं, मी बोलतच होते.

"थांब, थांब," दादा म्हणाला. "डाव्या गुडघ्यावर गेली म्हनलीस न्हवं? मग उजवा हात कुठं हुता तिचा? पयल्यापासनं सांग."

मी पहिल्यापासून सांगायला लागले.